भूगोलाच्या नव्हे, कॉफीच्या बाई

कॉफीच्या बाई दार पूर्ण उघडण्याआधी समोरच्या माणसाचा वास घेत. साखळी तशीच, दार चार बोटं किलकिलं आणि त्या फटीत बाईंचं टोकदार नाक. नव्या लग्नाची मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले, तेव्हा फटीतूनच आवाज आला, "पावडर लावलीयस. जा, तोंड धुऊन ये, मग कॉफी." मला असा राग आला म्हणता! खाली येऊन सासूबाईंना म्हटलं, स्वतःला समजते कोण ही बाई? आणि मग मुकाट्यानं तोंड धुऊन परत वर गेले. कारण तोवर तिसऱ्या मजल्यावरून जिन्यात जो वास उतरला होता, तसा मी आयुष्यात घेतला नव्हता.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. नाशिकच्या गंगापूर रोडला तेव्हा आजच्यासारखी दुकानांची झुंबड नव्हती. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नव्हती, पण शिक्षिका मात्र दोन होत्या. एक गणिताच्या बाई आणि या दुसऱ्या. कॉफीच्या बाई मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. खरं तर त्यांना भूगोलाच्या बाई म्हणायला हवं होतं, पण रविवारी सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरातून येणाऱ्या वासापुढे भूगोल कुणाच्या लक्षात राहणार? त्यांचे यजमान धरणांवर इंजिनिअर होते. लग्नानंतरची बरीच वर्षं दोघांनी कर्नाटकात हासन जिल्ह्यात काढली आणि तिथे बाईंना कॉफीचं वेड लागलं. पुढे नाशिकला बदली झाली, काही वर्षांनी यजमान गेले, मुलगी लग्न होऊन म्हैसूरला गेली. वेड तेवढं बाईंपाशी राहिलं.

आमच्या घरी कॉफी म्हणजे आजारी माणसाला द्यायची वस्तू. नाहीतर पाहुणे अगदीच खास असतील तर. सासूबाई दिंडोरीकडच्या, शेतकरी घरातल्या. त्यांची कॉफी म्हणजे पातेलंभर घट्ट दूध, वाटीभर साखर, चमचाभर तयार पावडर आणि वरून किसलेलं जायफळ. पिऊन माणूस तासाभरात घोरायला लागायचा. बाईंनी एकदाच ती चाखली आणि म्हणाल्या, "वहिनी, बासुंदी छान झालीय." सासूबाईंनी ते मनाला लावून घेतलं. "लय शानी," एवढंच त्या म्हणाल्या, पण पुढची कित्येक वर्षं बाईंच्या कॉफीला त्या 'काढा' म्हणत राहिल्या आणि वर जायच्या नाहीत.

मी मात्र जायची. पहिल्यांदा वाटलं, कॉफी प्यायची म्हणजे पाचदहा मिनिटांचं काम. छे! हासनहून यजमानांच्या जुन्या मित्राकडून कच्च्या बियांचं पार्सल यायचं. हिरवट, टणक, कॉफीच्या वाटणारही नाहीत अशा बिया. बाई त्या ताटात पसरायच्या आणि तांदूळ निवडावेत तशा निवडायला बसवायच्या. काळी पडलेली बाहेर, भोक पडलेली बाहेर, फुटकी बाहेर. मग मूठभर बिया नाकाशी धरायच्या. "चांगल्या बीला वाळल्या गवताचा वास येतो. गोणपाटाचा आला तर समजावं, कुणीतरी आळस केलाय." एक फुटकी बी माझ्या नजरेतून सुटली तर त्या शाळेतल्यासारखं चष्म्यावरून बघायच्या. एका वाईट बीनं काय होणार, असं मी एकदा विचारलं. "तुझ्याच कपात घालते, मग सांग," म्हणाल्या.

भाजायला लोखंडी कढई. तीही कुठलीही चालत नसे. आम्ही एकदा सगळ्याजणी त्र्यंबकेश्वरला दर्शनाला गेलो, तर बाई देवळाच्या रांगेतून निसटल्या आणि बाजारात एका भांड्यांच्या दुकानात कढया वाजवत उभ्या. दर्शन राहिलं. सासूबाई रस्ताभर बोलत होत्या, की देवाच्या दारी येऊन कुणी कढई घेतं का? बाई मांडीवर कढई घेऊन खिडकीतून बाहेर बघत होत्या. चेहऱ्यावर मात्र दर्शन झाल्याचं समाधान होतं.

भाजून झाल्यावर सुपात ओतायच्या, फोलपटं पाखडायची, आणि त्या दिवशी हातही लावायचा नाही. "तिला आजचा दिवस झोपू दे," असं म्हणायच्या, बाळंतिणीबद्दल बोलावं तसं. दुसऱ्या दिवशी ओट्याला अडकवलेल्या हाताच्या यंत्रावर दळण. मग पितळी फिल्टर. पूड अलगद पसरायची, दाबायची नाही, पाणी उकळून जरा दम घेतलेलं. झाकण ठेवलं की थेंब थेंब अर्क उतरेपर्यंत गप्पा मारायच्या. दूध ताजं, साय न आलेलं आणि एकदाच तापवलेलं. कॉफीत भेसळीसारखी घालतात त्या चिकोरीचं नाव काढलं की त्या कपाळाला हात लावायच्या.

रविवारचा नियम वेगळा. रविवारी अर्धं नाशिक मिसळ खायला बाहेर पडतं, आमचे लोकही पडायचे, आणि तर्री ओरपून लाल झालेल्या जिभांनी थेट बाईंच्या दारात. फटीतलं नाक लगेच ओळखायचं. "मिसळ खाऊन आलात. तुम्हाला आता कॉफी काय आणि फोडणीचं पाणी काय, सारखंच. ताक प्या घरी जाऊन." शेवटी लोकांनीच क्रम बदलला. आधी बाईंकडे, मग मिसळीला. बिल्डिंगमधले आठदहा जण मग त्यांच्या गॅलरीत दाटीवाटीनं बसायचे. भांडणं झालेली माणसंही यायची, कारण बाईंकडे भांडण चालत नसे, तोंड कॉफीला लागायचं. मी आईच्या आठवणीनं व्याकूळ व्हायचे ती पहिली दोन वर्षं या गॅलरीत निभली, हे मी उघड सांगते.

असं कितीतरी वर्षं चाललं. मग एका पावसाळ्यात बाई सर्दी-तापानं आडव्या झाल्या. महिन्याभरानं उठल्या, हिंडू-फिरू लागल्या, आणि रविवार पुन्हा सुरू झाला. एक गोष्ट मला खटकली. मी मुद्दाम अत्तर लावून गेले, गंमत करायला, आणि दार उघडलं. साखळी न लावता, सरळ. मला वाटलं, आजारपणानं बाई मवाळ झाल्या.

त्या रविवारी कधी नव्हे त्या सासूबाईही वर आल्या होत्या. आजारातून उठलेल्या माणसाला भेटायला जायचं, मग तो काढा पाजो नाहीतर काही. कप हातात आले. पहिला घोट घेतला आणि मी थिजले. डांबरगोळी! कपड्यांच्या कपाटात ठेवतात ती. पावसात बियांना ओल लागू नये म्हणून बाईंनी पार्सल लोकरीच्या कपड्यांत ठेवलं होतं, आणि तशाच बिया भाजल्या, दळल्या. गणिताच्या बाई कपाकडे बघत बसल्या. सगळे औषध घेतल्यासारखे घोट घेत होते आणि बाई आमच्या चेहऱ्यांकडे बघत होत्या.

"बाई," सासूबाई म्हणाल्या, "डांबरगोळीचा वास येतोय कॉफीला. तुम्हाला नाय का येत?"

बाईंनी कप नाकाशी नेला. बराच वेळ तसाच धरला. मग हसल्या आणि म्हणाल्या, "नवा प्रकार आहे. आवडला नाही वाटतं." आणि ट्रे उचलून आत गेल्या.

पुढच्या रविवारी दार बंद. त्याच्या पुढच्याही. दार वाजवलं की आतूनच उत्तर, "आज बरं वाटत नाही." जिन्यात वास नाही, गॅलरीत माणसं नाहीत. मिसळीला जाणारे सरळ मिसळीला जाऊ लागले. मग एका सकाळी मी कपडे वाळत घालायला गच्चीवर निघाले, तर तिसऱ्या मजल्याच्या जिन्याच्या तोंडाशी जुन्या वर्तमानपत्रांवर कढई, दळायचं यंत्र आणि पितळी फिल्टर. भंगारवाल्यासाठी काढून ठेवलेले. मी धावत घरात येऊन सासूबाईंना सांगितलं.

त्यांनी लगेच पदर खोचला, गुडघे धरत जिना चढल्या, कढई उचलली आणि तिनंच बाईंचं दार ठोठावलं. लोखंडाचा आवाज खालपर्यंत गेला असणार. बाईंना उघडावंच लागलं.

"ही भंगारात द्यायची कढई हाय का?" सासूबाईंनी विचारलं. "हिच्यापायी देवाचं दर्शन सोडलं तुम्ही."

बाई खुर्चीत बसल्या. "मला वास येत नाही, वहिनी," त्या म्हणाल्या. "कशाचाच नाही. फुलाचा नाही, गॅसचा नाही. नाक-कान-घशाचे डॉक्टर म्हणतात, आला तर येईल. कॉफी म्हणजे कडू गरम पाणी लागतं मला. लोकांना डांबर पाजलं मी. आता कोणत्या तोंडानं त्यांना दारात अडवू?"

मी रडायच्या बेतात होते. सासूबाईंनी मात्र कढई गॅसवर ठेवली. "तुम्हाला नाय येत, मला येतो ना. जन्म चुलीपुढं आणि गोठ्यात गेलाय माझा. दोन घरं सोडून दूध लागलं तरी मला कळतं. बिया काढा. त्या डांबराच्या नको, दुसऱ्या."

मग जे झालं ते मी कधी विसरणार नाही. बाई कढईशी उभ्या, झारा हातात, डोळे बियांच्या रंगावर. शेजारी सासूबाई, डोळे मिटून, नाक पुढे करून.

"काय येतंय?" बाईंनी विचारलं.

"ओलं गवत."

"आता?"

"भाकरी. तव्यावरची. थांबा, शेंगदाणे. भाजलेले."

"पुढे?"

"पुरण शिजताना गूळ लागतो ना, तसं."

"लागला की लागायच्या बेतात?"

"बेतात, बाई. मी काय पुरण जाळते का?"

तेवढ्यात बिया तडतडल्या. बाईंची मान एकदम वर झाली. मला म्हणाल्या, "ऐकलंस? आवाज येतो मला. वास गेला, पण आवाज येतो. उतरव, मंजू, उतरव लवकर." मी फडक्यानं कढई उतरवली. बाई सूप धरायला वळल्या आणि तिथेच ओट्याला टेकून रडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. सासूबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या आणि दुसऱ्या हातानं बिया पाखडत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी कॉफी झाली. सासूबाईंनी कप हुंगला, घोट घेतला, डोळे बारीक केले. "झाक हाय," म्हणाल्या. मग कमरेच्या पिशवीतून एक जायफळ काढून ओट्यावर ठेवलं. "आता माझ्या कपात एवढं किसा. नाकाची मजुरी."

बाई त्या जायफळाकडे बघत राहिल्या. "वहिनी, माझ्या घरात हे?" असं म्हणाल्या खरं, पण किसणी काढली. स्वतःच्या हातानं किसलं. "मला काय, मला वास येत नाही म्हणून बरं," त्यांनी पुस्ती जोडली आणि दोघी अशा हसल्या, की गणिताच्या बाई काय झालं म्हणून बघायला आल्या.

रविवार पुन्हा भरला. दाराची साखळी परत लागली, फक्त फटीतून आता सासूबाईंचं नाक बाहेर यायचं आणि मागून बाईंचा आवाज, "काय लावलंय त्यानं?" सासूबाई बाईंपेक्षा कडक निघाल्या. विडी ओढून आलेल्या एकाला त्यांनी जिन्यातूनच परत पाठवलं. बिया निवडायलाही दोघी एकाच ताटाशी बसायच्या, एकीचे डोळे, दुसरीचं नाक, आणि तोंडं दोघींची.

बाईंचे गुडघे मात्र ऐकेनात. तीन मजले चढणं-उतरणं होईना, तेव्हा मुलगी येऊन त्यांना म्हैसूरला घेऊन गेली. निघताना बाई म्हणाल्या, "सगळ्या गावात कॉफीचा वास भरलेला असतो तिथे. आणि मला पाठवतायत." सासूबाईंना हसू आलं आणि रडूही. कढई, यंत्र, फिल्टर आमच्या घरी आले. मुलीकडे पूड दुकानातून दळून यायची, घरी कुणी भाजत नसे.

त्या गेल्याची बातमी पुढे कधीतरी फोनवर आली, ते मी सांगत बसत नाही. मला सांगायचाय तो पहिला फोन, त्या म्हैसूरला गेल्यानंतरच्या रविवारी सकाळचा. माझा नवा मोबाइल होता. "भाजतेयस ना? फोन कढईजवळ धर," बाई म्हणाल्या. मी धरला. सासूबाई कढईवर वाकून फोनमध्ये ओरडत होत्या, "गवत गेलं, बाई. आता भाकरी. आता शेंगदाणे." तिकडे बाई कान देऊन. इकडे पहिली बी तडतडली, मग दुसरी, मग सगळ्याच. "उतरव," तिकडून आवाज आला. मी उतरवली.

मग म्हणाल्या, "मागची पूड आहे ना थोडी? तिची कर आणि पी. मी थांबते."

मी केली. फिल्टर उतरेपर्यंत बाई खरंच थांबल्या, मुलगी मागून काहीतरी म्हणत होती, तिला त्यांनी गप्प केलं. मी कप तोंडाला लावला.

"तसं नको," बाई म्हणाल्या. "काही कळत नाही मला. बशीत ओत आणि जरा आवाज करून पी."

मी आणि सासूबाईंनी बशा भरल्या, फोन मध्ये ठेवला आणि दोघींनी मिळून भुरके मारायला सुरुवात केली.