काचेतली न्हंय

संध्याकाळचे पाच वाजले की बाबा खुंटीवरचा शर्ट अंगात घालायचे आणि दाराशी जाऊन उभे राहायचे.

"न्हयेर जावचा हा," म्हणायचे.

न्हंय म्हणजे नदी, सावंतवाडीच्या बाजूला आमच्या गावाखालून वाहणारी. मुंबईत चारकोपला आमचं घर, तिथून नदीवर पोचायला एक रात्र आणि अर्धा दिवस लागतो. बाबांना ते आता कळत नव्हतं. त्यांना वाटायचं, जिना उतरला की पाणंद आणि पाणंदीच्या टोकाला पाणी. कापडगिरणीत साच्यावर काढलेली वर्षं, गिरणी बंद पडल्यावर केलेली वॉचमनची नोकरी, सगळं पुसलं गेलं होतं. नदी तेवढी उरली होती. दगडांखाली हात घालून ते लहानपणी मासे धरायचे. ते मात्र इतकं लख्ख आठवायचं की सांगताना बोटं हलायची.

दोनदा ते खरोखरच निघून गेले. दुसऱ्यांदा सापडले ते इंडस्ट्रियल इस्टेटमागच्या नाल्याच्या कठड्यावर. चपला काढून शेजारी-शेजारी नीट ठेवलेल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. खाली काळं पाणी होतं आणि ते उतरायला जागा शोधत होते.

रिक्षातून त्यांना घरी आणताना मी ठरवलं, यांना घरात बसून बघायला पाणी हवं.

मार्केटमधल्या माशांच्या दुकानदाराने आधी मला निळे खडे आणि बुडबुडे सोडणारा प्लास्टिकचा पाणबुड्या दाखवला. मी म्हटलं, मला नदी करायची आहे. तेव्हा त्याने खुर्ची पुढे ओढली.

"नदी करायची तर घाई नको, मॅडम. एका टोकाला पाणी ढकलणारा पंप लावा, म्हणजे सगळा प्रवाह एकाच दिशेने जाईल. तळाला बारीक वाळू, वर गोटे, लहान-मोठे सगळे. झाडं पण अशी, जी वाहत्या पाण्यात वाकतील, पण टिकतील. आणि महिनाभर मासे नाही. आधी पाणी मुरू दे."

तीन फुटी टाकी आली. बाल्कनीत बसून मी बालदी-बालदीने वाळू धुतली. पाणी गढूळ यायचं थांबेचना. आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "तांदूळ पण मी कधी इतके धुवूक नाय."

पुढच्या रविवारी मी वाळू पसरून दगड मांडायला घेतले. सगळ्यात मोठा बरोब्बर मधोमध, दोन्ही बाजूंना सारखे बारके. बाबा खाटेवरून बघत होते. अचानक उठले.

"पाणी खंयसून येता?" त्यांनी विचारलं.

मी पंपाचं टोक दाखवलं.

"मगे ह्यो धोंडो हंय कित्याक? न्हंय अशी नसता, बाय."

त्यांनी बाही वर केली. मोठा दगड पंपाच्या बाजूला सरकवून थोडा तिरका रुतवला. त्याच्या आडोशाला तळव्याने वाळूचा उंचवटा केला. "धोंड्याच्या पाठी रेव साठता. बारके खडे पाण्याबरोबर फुडे जातत." मग मूठभर खडे घेऊन दूरच्या टोकापर्यंत विरत जातील असे टाकले. मी लाकडाच्या वाकड्या मुळाला फर्न दोऱ्याने बांधत होते, ते त्यांनी माझ्या हातून घेतलं. गाठ मारली ती गिरणीतल्या तुटलेल्या धाग्याची, एका हाताने, क्षणात. मागच्या बाजूला आम्ही लांब पट्ट्यांचं पाणगवत लावलं. पंप सुरू केल्यावर ते सगळं एका अंगाला झुकलं.

तो अर्धा तास बाबा पूर्ण शुद्धीत होते. लहानपणी हाक मारायचे तशी मला बाय म्हणत होते. तसा अर्धा तास पुन्हा कधी मिळाला नाही.

महिन्याने मासे आले, पट्ट्यांचे, बोटाच्या पेराएवढे, प्रवाहात तोंड करून पोहणारे. पाच वाजता बाबा शर्ट घालायचे आणि दाराऐवजी टाकीसमोरच्या खुर्चीत बसायचे. दोन महिने आई दाराची वरची कडी लावायची विसरली तरी चाललं. मी अंधेरीच्या ऑफिसात लोकांना मोबाइलवर टाकीचे फोटो दाखवत फिरले.

मग तो दिवस. मी घरून काम करत होते. आई दळण आणायला गेली होती. आतल्या खोलीत माझा कॉल चालू होता आणि साहेब मला सगळ्यांसमोर एका चुकीबद्दल झापत होते. बाहेरून पाण्याचा आवाज आला. मी कॉल तसाच सोडून धावले.

बाबा स्टुलावर चढले होते. झाकण खाली पडलेलं, हात खांद्यापर्यंत पाण्यात. पाणगवत मुळासकट वर तरंगत होतं, वाळू ढवळून पाणी मातकट झालं होतं. लादीवर थारोळं, आणि ते पसरत पसरत पंपाच्या वायरीपाशी, बोर्डापाशी चाललेलं. मी आधी बटण बंद केलं.

बाबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. इतकं खूश मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मूठ माझ्यापुढे धरून म्हणाले, "बाय, गावलो. धर."

मी त्यांच्या हातावर मारलं. एकदा नाही, दोनदा. मनगट पकडून मूठ उघडायला लावली आणि ओरडले, "काय वाट लावलीत बघा! शॉक बसून मेला असतात आत्ता!" मासा लादीवर पडला. तो आधीच चिरडला होता.

बाबा स्टुलावरून हळूच उतरले. ओले हात छातीशी जोडून, मान खाली घालून उभे राहिले.

"चुकलंय, बाई. परत नाय करूचंय."

बाई म्हणाले. समोर कोण आहे ते त्यांना कळत नव्हतं. कुणीतरी वरचं माणूस रागावलंय, एवढंच कळलं होतं. गिरणीतही ते असेच उभे राहत असतील.

आईला मी सांगितलं, त्यांचं मनगट काचेच्या कडेला आपटलं.

टाकी मी चार दिवसांत पुन्हा उभी केली. त्यांनी मांडलेले दगड मला आठवेनात. फोटोंत बघून बघून लावले. पाणी निवळलं, उरलेले मासे पोहू लागले. मी बाबांना धरून खुर्चीत बसवलं. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"बाबा, बघा ना, न्हंय."

"ता सायबाचा हा. हात लावूचो नाय."

रोज विनवलं. माझाच हात पाण्यात बुडवून दाखवला. ते बघायचे नाहीत. संध्याकाळी शर्टही घालेनासे झाले. दाराशी जाणं थांबलं, नदीचं नाव थांबलं. डॉक्टर म्हणाले, आजार पुढे सरकला की असं होतं. होत असेल. गणपतीनंतर पंधरवड्याने ते गेले.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले, तेव्हा मी आईला खरं सांगितलं. ती बाबांचे कपडे घड्या करून पिशवीत भरत होती.

"माका ठाऊक होता," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी न्हाणयताना तेंच्या मनगटार तुझी बोटां दिसली."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय झाला असता? घरात आपण दोघीच होतंव. तूच तेंका उचलतलंस, तूच बसवतलंस."

तिच्या आवाजात राग नव्हता. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने पिशवीची गाठ मारली आणि ती दाराशी नेऊन ठेवली.

मासे आणि झाडं मी दुकानदाराला परत नेऊन दिली. त्याने विचारलं, "काय झालं, मॅडम? नदी तर मस्त जमली होती." मी म्हटलं, वेळ मिळत नाही.