टीव्हीची केबल आणि आमचं विमान

आज बेलापूरला बँकेच्या रांगेत जनार्दनदादा भेटले. ऐंशीच्या दशकात ते आमच्याकडे टीव्हीचे अँटेना लावायचे.

तेव्हा मी मित्रासोबत शेडमध्ये स्वतः बसून उडवायचं छोटं विमान बांधत होतो. विमानातून जमिनीवर बोलायच्या रेडिओच्या अँटेनासाठी मी दादांकडे टीव्हीचीच केबल मागितली. दिसायला सारखीच होती.

त्यांनी दिली नाही. "ही पंच्याहत्तर ओहमची हाय. तुमच्या बोलायच्या रेडिओला पन्नासची लागंल, न्हाईतर आवाज नीट जायचा न्हाई. इमान काय टीवी बघनार हाय?"

मी चिडलो, पण आठवडाभर फिरून पन्नासचीच आणली.

आज ओळख दिल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "मंग, वरचं बोलनं खाली ऐकू आलं का?"

"आलं दादा. अगदी स्वच्छ. तुमच्यामुळेच."

माझा आवाज तेव्हा लगेच पोचला. आभार पोचायला चाळीस वर्षं लागली. तुमचे कुणाचे राहिलेत?