आक्काच्या आवाजाखालची गिटार

आमचा गाण्याचा संच लहानसा. माझी थोरली बहीण, आक्का, गायची. मी गिटार वाजवायचो आणि भावजी ढोलकीवर असायचे. जयंतीचे, लग्नाचे, नामकरणाचे कार्यक्रम आम्ही परभणीच्या आसपासच्या गावांत करायचो. आक्काला पिंगळीला दिलेली, तिथल्याच शाळेत ती बाई. दिवसभर वर्ग सांभाळूनही संध्याकाळी तिचा आवाज मांडवाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जायचा.

मी गिटारसाठी डिजिटल अँप, म्हणजे अँप्लिफायर, घेतला, तेव्हा त्यातल्या गेनशी माझी ओळख झाली. गेन वाढवला की गिटारचा सूर खरखरीत, तापल्यासारखा होतो. उतरवला की स्वच्छ. असे दोन सूर मी पायाच्या बटणावर ठेवले. कडव्याला स्वच्छ, धृपदाला खरखरीत. आक्काला ते पटेना.

"मी गाताना मधीच कुणी ढकलल्यावानी व्हायलंय," ती म्हणाली. "हळूहळू चढत न्हाई का ते?"

म्हणून मी पेडल आणलं. टाच दाबली की गेन कमी, पंजा दाबला की जास्त. गेनचं वरचं टोक मी अँपमध्ये अर्ध्यावरच बांधून टाकलं, नाहीतर गिटार तिच्या आवाजावर चढली असती. मग तिच्याकडे बघून पाय हलवायला शिकलो. ती मान किंचित वर करायची, की माझा पंजा खाली. त्या दिवसांत आम्ही चांगलं वाजवलं, असं मला अजून वाटतं.

पुढे तिच्या गळ्याला गाठ आली. थायरॉइडची. ती आवाजाच्या नसेला चिकटलेली होती, डॉक्टरांनी तसं आधीच सांगितलं होतं. ऑपरेशन झालं, जिवावरचं टळलं, पण नस गेली. पुढे काही महिन्यांनी बोलणं परत आलं, तेही पोकळ, निम्मी हवाच.

तरी ताडकळसच्या कार्यक्रमाला ती हट्टाने उभी राहिली. मी गाणंभर टाच उचललीच नाही. गिटार इतकी बारीक केली की मलाच ऐकू येईना. दुसऱ्या कडव्यात वरची जागा आली आणि तिच्या तोंडातून नुसती हवा निघाली. तिने पुन्हा प्रयत्न केला. मग माइक ठेवला आणि मागे जाऊन बसली. भावजींनी ढोलकी थांबवली नाही, म्हणून मीही वाजवत राहिलो. आमच्यातलं कुणीच एकमेकांकडे बघत नव्हतं.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी मी पिंगळीला गेलो. आक्का म्हणाली, "माजी ओळ गिटारीवर वाजव बरं."

मी वाजवायला लागलो, तशी ती खाली फरशीवर बसली आणि दोन्ही हातांनी पेडल धरलं. एरवी मी सुराच्या आधी गेन चढवायचो. ती सूर लागू द्यायची, थोडा थांबू द्यायची, आणि मग दाबत न्यायची. ती गायची अगदी तसंच. भावजी आतून येऊन दारात उभे राहिले.

मला आशा वाटली. मी म्हणालो, "आक्का, असंच करू. तू स्टेजवर माझ्या बाजूला बस, पेडल तू सांभाळ."

तिने हात काढून घेतले.

"ऐकायला लय बरं वाटलं," ती म्हणाली. "पण गाताना छाती भरून यायची माजी. तसं काईच होईना. तू वाजव. मी न्हाई यायची आता."

तिने उठून चहा ठेवला आणि शाळेतलं काहीबाही सांगत बसली.

आता झरीची एक मुलगी आमच्यात गाते. चांगली गाते. पिंगळीत कार्यक्रम असला की आक्का आम्हा सगळ्यांना जेवू घालते, त्या मुलीला आग्रह करकरून वाढते, आणि आम्ही निघालो की घरीच थांबते. एकदा मी म्हणालो, "एक गाणं तरी ऐकायला चल."

"घरी येतंय की ऐकू," ती म्हणाली.

भावजींनी नंतर मला सांगितलं, कार्यक्रम सुरू झाला की ती खिडक्या लावून घेते.