लग्नाआधीचा करार

२०१४-१५च्या सुमारास मी सिंगापूरमध्ये वुडलँड्सला एका फ्लॅटमधल्या खोलीत राहत होते. नोकरी आयटीतली, एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे नोकरी करून राहायचा परवाना, माझ्या नावाचा. माझं लग्न ठरलं, त्याच महिन्यात ऑफिसातली एक जुनी सहकारी माझ्याकडे राहायला आली. मी तिला ताई म्हणायचे.

लग्नानंतर ताईने नोकरी सोडली होती. नवऱ्याच्या नोकरीवर मिळालेल्या डिपेंडंट पासवर बुकित तिमाह भागातल्या काँडोत, म्हणजे गेटबंद सोसायटीत, तिचा संसार चालला होता. आईच्या आजारपणात ती साताऱ्याला गेली आणि इकडे नवऱ्याने तिचा पास रद्द करून टाकला. आठ वर्षांची मुलगी त्याच्याकडेच राहिली. आता ताई पाहुणी म्हणून, थोड्या दिवसांच्या परवानगीवर आली होती.

रविवारी काँडोच्या गेटपाशी मुलगी भेटायची. एकदा मीही गेले होते. "मम्मा, तू घरी का येत नाहीस?" तिने इंग्रजीत विचारलं. ताईने तिची वेणी सोडली, पुन्हा घातली. 

परतताना बसमध्ये ती म्हणाली, "लग्नाआधी काही लिहून घ्यावं, हे मला सुचलंच नाही गं."

असा करार करता येतो का, हे विचारायला मी एका वकीलबाईंकडे गेले. त्यांनी खोटी आशा दाखवली नाही. "इथलं कोर्ट असा करार विचारात घेतं, पण तो पाळायलाच हवा असं नाही. मुलांच्या बाबतीत ते मुलांचंच हित बघेल. भारतात तर याला फारच कमी वजन आहे. पण तुमचं काय ठरलं होतं, ते निदान कागदावर राहील."

माझा होणारा नवरा बोटीवर मरीन इंजिनिअर. बोट बंदरात लागली, तेव्हा हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉल्सच्या गर्दीत, मी त्याला ताईचं सगळं आणि कराराच्या माझ्या अटी सांगितल्या.

"माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

"आहे. ताईचाही होता."

तो जेवण अर्धवट टाकून उठला. बोट सुटली आणि तीन आठवडे त्याचा निरोप नाही. त्याच्या घरच्यांकडून कळल्यावर बाबांचा मात्र पुण्याहून फोन आला. "लग्नाआधीच मोडायची तयारी? त्या लोकांना मी काय तोंड दाखवू?"

"बाबा, तुम्ही ताईच्या मुलीला बघायला हवं होतं," एवढंच मला बोलता आलं. त्यांनी फोन ठेवला. लग्न मोडलं असंच मी धरून चालले होते.

बोट पुन्हा बंदरात लागली, तेव्हा तो आला, तो वहीतला एक कागद घेऊन. माझी नोकरी सोडायची की नाही ते मीच ठरवायचं, माझा पासपोर्ट माझ्याकडेच राहायचा, हे त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं. खाली एक ओळ त्याची स्वतःची होती: तो समुद्रावर असताना घरचे निर्णय माझे.

"सहा-सहा महिने मी नसतो," तो म्हणाला. "मला काही झालं तर तुला कुणाच्या परवानगीसाठी थांबावं लागू नये."

दोघांनी आपापल्या वकिलांसमोर सह्या केल्या. बाबा लग्नाला आले, अक्षता टाकल्या, पण त्या कराराबद्दल कधीच बोलले नाहीत.

ताईची परवानगी त्याआधीच संपली होती आणि ती भारतात परतली होती. तिने पुण्यात नोकरी धरली, मुलीसाठी वकील केला. मुलगी सुट्टीत तिच्याकडे राहायला येऊ लागली, तेव्हा ती अकरा वर्षांची झाली होती.