रक्तातली खूण

कळंबच्या निर्मलाचं पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. त्याआधीच्या तपासण्यांसाठी तिने मंचरला रक्त दिलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि चष्मा काढून ठेवला.

"हिपॅटायटिस सी पॉझिटिव्ह दिसतंय. विषाणूमुळे होणारा लिव्हरचा आजार असतो हा. आत्ताच काही ठरवू नका. अजून एक तपासणी पुण्याला पाठवू, आठ दिवस लागतील. तोवर ऑपरेशन थांबवू."

बाहेर गर्दी होती, पुढचा पेशंट दारात उभा होता. निर्मलाने काहीच विचारलं नाही. पुन्हा रक्त दिलं आणि नवऱ्याच्या, भरतच्या, मोटरसायकलवर मागे बसून घरी आली.

निर्मला शाळेत पोषण आहार शिजवायची. सव्वाशे पोरं तिच्या हातची खिचडी खायची. दुसऱ्या दिवशी तिने कंबर धरल्याचं खोटंच कारण सांगून रजा घेतली. घरात स्वतःचं ताट वेगळं केलं, टॉवेल वेगळा दोरीवर टाकला. तीन वर्षांची नात हर्षाली सवयीने तिच्या ताटात हात घालायला आली, तर निर्मलाने ताट असं झटक्यात ओढलं की पोर भेदरून रडायला लागली.

"आत्या, काय झालंय?" सून आरतीने विचारलं.

"काय न्हाई. तिला घे तिकडं."

पण आरतीने रिपोर्ट पाहिलाच होता. त्या दिवसापासून ती पोरीला आजीपाशी सोडेना. ते निर्मलाला लागायचं.

नवव्या दिवशी भरतच्या फोनवर रिपोर्ट आला. आरतीने इंग्रजी वाचून सांगितलं, "विषाणू सापडला नाही."

निर्मलाचा जीव भांड्यात पडायच्या ऐवजी आणखीच टांगला गेला. "सापडला न्हाई म्हंजे? पयल्यात हाय म्हणतात, दुसऱ्यात न्हाई म्हणतात. दडून बसला आसंल तर?"

हाच प्रश्न घेऊन तिघं डॉक्टरांसमोर बसली. या वेळी निर्मला उत्तर मिळाल्याशिवाय उठणार नव्हती.

"दोन्ही रिपोर्ट खरे आहेत," डॉक्टर म्हणाले. "पहिली तपासणी विषाणूला शोधतच नाही. शरीर त्याच्याशी लढलं असेल, तर त्याची खूण रक्तात राहते, ही तपासणी ती खूण शोधते. दुसरी थेट विषाणू शोधते. तो आता नाही. पूर्वी कधी रक्त चढवलं होतं का?"

"थोरल्याच्या बाळंतपणात. दोन बाटल्या. तीस वर्षं व्हत आली."

"तेव्हा आला असेल, खात्रीने नाही सांगता येत. काही जणांचं शरीर त्याला औषधाविना घालवतं. तुमच्या शरीराने घालवलेला दिसतोय."

"आन् सैपाकातनं कुणाला?"

"असता तरी जेवणातून, ताटातून पसरत नाही. रक्तातून पसरतो."

आरतीने मान खाली घातली. म्हणाली, "मी पोरीला उगाच लांब ठेवलं, आत्या."

"मीबी तेच केलं की," निर्मला म्हणाली.

"एक ध्यानात ठेवा," डॉक्टर म्हणाले. "पहिली तपासणी जन्मभर पॉझिटिव्हच येईल. दुसरा कागद जपून ठेवा. आणि रक्तातून परत संसर्ग होऊ शकतो, म्हणून सुई नवीच आहे ना, बघून घ्यायची."

पुढच्या आठवड्यात निर्मला ऑपरेशनसाठी भरती होताना नर्सने जुना रिपोर्ट उलटला आणि तिचा हात मध्येच थांबला. निर्मलाने पिशवीतून दुसरा कागद काढून पुढे केला.

"ती जुनी खूण हाय, ताई. इषाणू न्हाई रक्तात. ह्यो वाचा."

नर्सने दोनदा वाचलं, मान हलवली आणि दंडाला पट्टा बांधून ब्लडप्रेशर घ्यायला लागली.