काकांचं पत्र

शी! त्या टाकीचं नाव काढलं तरी मळमळतं. खानावळीच्या मोरीखाली एक लोखंडी टाकी असते, भांड्यांचं तेल आणि चिकटा तिच्यात साचतो. दर सोमवारी झाकण काढून ती हाताने उपसायची. नखांतून तो वास जात नाही. बसमध्ये शेजारचा माणूस नाक मुरडून उठतो आणि दांड्याला धरून उभा राहतो. हे काम करणारी बाई कागदोपत्री कोण, तर म्हणे ‘स्वयंपाकघर प्रमुख’!

सगळे तिला मास्तरीण म्हणत. खोलीवरच्या पोरींचे अर्ज, तक्रारी, विनंत्या तीच लिहून द्यायची, आणि लिहायची पण अशी की वाचणाऱ्याने मान डोलवावी. शिकायला म्हणून ती या देशात आली, पदवी घेतली, पुढे दोन वर्षं काम करायची परवानगी मिळाली. तेवढ्यात इथली कायमची रहिवासी व्हायचं, नाहीतर गाठोडं बांधून घरी. आणि कायमचं व्हायला मालकाचं एक पत्र लागतं, की ही बाई अमुक हुद्द्यावर दोन वर्षं आमच्याकडे कामाला होती.

आता चूक कुठे झाली ते सांगतो. खानावळीचा मालक निघाला मराठी बोलणारा. पहिल्याच दिवशी त्याने समोर ताट वाढलं, "पोटभर जेव गं" म्हणाला, आणि ही भाबडी त्याला "काका" म्हणून बसली. संपलं! मालकाकडे कागद मागता येतो, काकाकडे कोणत्या तोंडाने मागणार? मागितलाच तर तो हसायचा. "अगं, घरचीच ना तू? पत्र काय पळून जातंय?" असं म्हणून घरच्या मुलीला टाकी दाखवायचा. कसला काका नि कसलं काय!

तिच्याच खोलीत राहणारी धाकटी दोन वर्षं मागून आली होती. मास्तरणीनेच तिला कामाला आणलं, तीही "काका" म्हणाली आणि तिचाही कामावर घेतल्याचा कागद "नंतर करू" मध्ये राहिला. एका दुपारी गिऱ्हाइकांची झुंबड होती. काका मागून ओरडत होता, "हात चालव, हात चालव!" धाकटी कढईतलं कढत तेल डब्यात ओतत होती. कढई निसटली आणि तेल उजव्या हातावर आलं. मास्तरणीने तिला ओढत मोरीपाशी नेलं आणि वीस मिनिटं तिचा हात नळाखाली धरून ठेवला. बाहेर काका गिऱ्हाइकांना सांगत होता, "काही नाही हो, भांडं पडलं." भांडं! त्या माणसाची किळस येते.

दवाखान्याने कामगार कचेरीला कळवलं आणि काकाला नोटीस आली. मग काय, काका स्वतः चहा घेऊन मास्तरणीपुढे हजर.

"तुझी भाषा किती छान गं! एवढं उत्तर लिहून दे. ती पोरगी इथे कामाला नव्हतीच. कुणाला तरी भेटायला आली आणि उगाच आत घुसली."

"काका, आणि माझं पत्र?"

"हे काय, तयारच आहे. सही तेवढी राहिलीय."

परवानगीचे एकोणीस दिवस उरले होते. घरून आई रोज विचारायची, "झालं का गं कायमचं?" मास्तरणीने उत्तर लिहिलं. नुसतं लिहिलं नाही, छान लिहिलं. ‘सदर मुलगी वारंवार सूचना देऊनही आत आली’ असं एक वाक्य तर काकाने सांगितलंही नव्हतं, ते हिच्या पदरचं. काका "वा!" म्हणाला आणि दोन्ही कागदांवर त्याने सही ठोकली. न्हाणीघरात जाऊन ती भडाभडा ओकली. चूळ भरली, हात पुसले आणि आपलं पत्र चुरगळू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलं. मला त्या ओकारीपेक्षा या पाकिटाची जास्त शिसारी येते.

चार महिन्यांनी एका सकाळी टपालाने रहिवासाचं कार्ड आलं. आईला फोन झाला, आई रडली. संध्याकाळी धाकटी खोलीवर आली ती कामगार कचेरीचा लिफाफा घेऊन. तिच्या हाताची कातडी ताणून आवळली होती, मूठ मिटत नव्हती.

"ताई, बघ ना मेल्याने काय लिहून दिलंय! वारंवार सूचना म्हणे! ज्याने लिहिलं त्याचं वाटोळं होवो."

मास्तरणीने कागद हातात घेतला. एकेक शब्द ओळखीचा.

"साक्षीदार नसेल तर प्रकरण बंद करतील," धाकटी म्हणाली. "तू झकास उत्तर लिही आणि खाली तुझं नाव घाल. तू होतीस ना तिथे."

कार्ड खिशात होतं. कचेरीने खणायला घेतलं असतं, तर ‘स्वयंपाकघर प्रमुख’ हा खोटा हुद्दाही वर आला असता आणि कार्ड गेलं असतं. मास्तरणीने कागदाची घडी घातली.

"अगं, मी त्या दिवशी कामावर नव्हते. सुट्टी होती माझी."

धाकटी भांडली नाही की रडली नाही. आधी तिने आपल्या हाताकडे बघितलं, मग मास्तरणीकडे.

"मग ताई, माझा हात नळाखाली कुणी धरला होता?"