सोळा खुरं आणि दोन पाय

वडगाव निंबाळकरला आबाजींच्या गोठ्यात चार एचएफ जातीच्या दुभत्या गाई आहेत. चारींच्या कानात बिल्ले, चारींच्या लसींच्या आणि जंताच्या औषधाच्या तारखा गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहिलेल्या. गाईनं एक वेळची वैरण सोडली की जनावरांच्या डॉक्टरला फोन. घरातल्या माणसानं दोन दिवस जेवण सोडलं तर, "असंल पित्त." आबाजींची बायको गोजरबाई, म्हणजे आमची काकी, लग्नापासून एकच सांगत आलीय, "ह्या घरात औषध पायजे आसंल तर डोस्क्याला शिंगं फुटावी लागत्यात."

आबाजींना आठ वर्षांपासून शुगर आहे. आमच्या ऊसवाल्या गावात शुगरची कुणाला लाज नाही. पारावर उसाचं टनेज सांगावं तसं सांगतात, "माझी तीनशे भरली, तुझी किती?" गोळी आठवली तर घ्यायची, आणि अंग गळाल्यासारखं वाटलं की चौकातल्या डॉक्टरकडं जाऊन ताकदीची बाटली लावून यायची. त्या बाटलीत असतं साखरेचं पाणी. शुगरचा माणूस शिरेतून साखरपाणी घेतो आणि मिशीला पीळ देत घरी येतो!

त्या बाटलीवरून मी एकदा भर चौकात भांडलो. आबाजींनी विचारलं, "तू कितवी शिकलास रं?"

"धावी नापास."

"मग गप बस. त्यो डॉक्टर शिकल्याला हाय."

शिकलेला आहेच. गिऱ्हाईक काय मागतं ते तर तो सगळ्यात आधी शिकला.

गेल्या भादव्यात एका सकाळी काकी शेण काढत होती. कोब्यावर रक्ताचे ठिपके दिसले. ती ओरडली, "आवो, चंद्रीचं खूर फुटलंय वाटतं!"

आबाजी अनवाणीच पळत आले. चंद्री बघितली, गौरी बघितली, उरलेल्या दोघी बघितल्या. काही सापडेना, म्हणून सौरभला फोन. सौरभ हा जनावरांचा डॉक्टर, अर्ध्या तासात मोटरसायकलवर हजर. त्यानं एकेक पाय उचलून, धुऊन, सोळाच्या सोळा खुरं तपासली. एकाला ओरखडा नाही. आणि ठिपके तर वाढतच चाललेले, बरोबर आबाजी जिथं जिथं फिरत होते तिथं.

सौरभ सरळ उभा राहिला. "आबा, गाई बेस हायत. रगत तुमचं हाय."

तळव्यात करंगळीखाली पत्र्याचा तुकडा रुतला होता. कधी घुसला, मालकाला पत्ता नाही. शुगरनं पाय बधिर झालेले.

"पर मला तर काय दुखत न्हाय," आबाजी खुशीत म्हणाले.

"तेच वंगाळ हाय. मी जनावरांचा डॉक्टर. आजच्या आज माणसांच्या डॉक्टरकडं जावा."

आबाजींनी पत्रा उपसला, गाईच्या जखमेवर मारतात तो निळा फवारा पायावर मारला आणि उसाला पाणी द्यायला गेले. "गाईला चालतंय ते मला न चालायला काय झालं?"

चौथ्या दिवशी पाय भोपळ्याएवढा झाला आणि करंगळी काळी पडली. भावकी जमली. आबाजींचे चुलतभाऊ विजयसिंह पुढं. त्यांच्याकडं एक जीप आहे आणि प्रत्येक रोगावर एक मत आहे. ते म्हणाले, "लासुर्ण्याच्या पल्याड एक जण पाला बांधतोय. तितं नेऊ. सरकारी दवाखान्यात गेलं की पाय कापत्यात."

सात माना एकदम हलल्या. त्या सात जणांतल्या एकानंही जखम उघडून बघितली नव्हती. कापायचं नाव काढल्यावर आबाजींचीही मान हलली.

काकी पदर खोचून उंबऱ्यात उभी राहिली. "भावजी, चंद्रीची कास सुजली तवा तुमी पाला सांगितला व्हता का?"

"आवो वैनी, लाखाचं जनावर हाय ते..." विजयसिंहांनी जीभ चावली, पण उशीर झाला होता.

"व्हय ना? मग आजच्या दिस ह्यास्नी बी जनावर समजा आन जीप काडा. बारामतीला."

मला निरोप आला. सरकारी दवाखान्यात मी बाह्या सावरून गेलो, पण भांडण लागलंच नाही. त्याचं आजही थोडं वाईट वाटतं. रांग लांब होती. काकीनं पायाचं फडकं सोडून केसपेपरवाल्याला नुसता पाय दाखवला, तशी त्यानं आम्हाला सरळ आत धाडलं. आत स्वरूपा मॅडम म्हणून तरणी डॉक्टरीण. तिनं विचारलं, "शुगर शेवटची कधी तपासली? गोळी कोणती चालू आहे?"

आबाजी छताकडं बघायला लागले. "गोळी... पांढरी हाय. बारकी."

काकीनं मध्येच विचारलं, "चंद्रीला जंताचं औषध कवा दिलं?"

"चौदा जूनला," आबाजी फटकन बोलले. मग त्यांचं त्यांनाच कळलं आणि मान खाली गेली.

काकीनं पिशवीतून गोळ्यांची रिकामी पाकिटं काढली. नवऱ्यानं फेकलेली, तिनं उचलून ठेवलेली. डॉक्टरचा कागद एक नाही, पण त्यावरून मॅडमला औषधाचं नाव तरी मिळालं. तेवढ्यात विजयसिंह म्हणतात, "मॅडम, एक ताकदीची बाटली लावा की." मॅडमनी त्यांना बाहेर बसवलं.

सहीच्या वेळी काकी अडली. "काय कापणार, कशापायी, आन न्हाय कापलं तर काय हुईल? सांगा. मला उमगल तवाच सही."

मॅडम चिडली नाही. कागदावर पाय काढून दाखवला. करंगळी जाईल. पाला बांधण्यात अजून दोन दिवस घालवले असते तर गुडघ्याखालचं सगळं गेलं असतं. काकीनं चित्र दोनदा बघितलं आणि सही केली.

करंगळी गेली. पाय राहिला.

परवा गोठ्यात गेलो तर भिंतीवर चंद्रीच्या वासराच्या ओळीच्या वर एक नवी ओळ होती: आबाजी, शुगर तपासणी, तारीख. मालक चपला घालून उलट्या बादलीवर बसलेले, ताकदीची बाटली बंद. काकीनं चप्पल काढून त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि तळवा, बोटांच्या बेचक्या बघायला लागली. रोज सकाळी धारेनंतर हे चालतं. "गौरी एका हाकंत पाय उचलती," ती मला म्हणाली, "ह्यास्नी तीनदा सांगाय लागतंय."

मी भिंतीकडं बोट केलं. "काकी, तुझं नाव कुठाय?"

"तिला काय धाड भरलीया?" आबाजी.

काकीनं त्यांच्या हातात खडू दिला, पाय मात्र घट्ट धरून ठेवला. "म्हैना झाला डोस्कं ठणकतंय. लिवा. गोजरबाई, बीपी, सोमवारी. लिवल्याबिगर पाय सोडायची न्हाय."

आबाजींनी लिहिलं. वासराच्या खाली लिहिलं, पण लिहिलं.